बाईंची लाडकी

४ ऑगस्ट

पिटू,

तुझं पत्र पोचलं. बाबांना वाचून दाखवलं. सगळं दाखवलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर ते फोनवर काही विचारतील आणि तू गोंधळशील. मुलं तुझ्याभोवती कसा गराडा घालतात आणि मुख्याध्यापकांनी तुला मुद्दाम बोलावून कशी शाबासकी दिली, तो सगळा भाग मी गाळला. माझा घसा बसला होता. बाबा म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." मग ते उगाचच चष्मा पुसत बसले. आता चष्म्यातूनही त्यांना फारसं दिसत नाही, तरी तुझं पत्र आलं की चष्मा निघतोच.

फोनवर मला काही बोलता येत नाही. घर एवढंसं, मधे एक पडदा, पडद्यापलीकडे दुकान. डोळे अधू झाले तरी माणसाचे कान अगदी शाबूत आहेत. तेव्हा भांडायचं ते पत्रातच.

अध्यापक कॉलेजात सगळे विचारतात, "तू थोरली आणि बहीण धाकटी, मग दोघी एकाच वर्षाला कशा?" मी सांगते, बाबांची नजर अधू झाली तेव्हा मी दुकानात बसले, शर्टांची काजं केली, गणवेश शिवले आणि धाकटीला शिकू दिलं. ती तिथवर पोचली तेव्हा मीही पळत येऊन तिला गाठलं. लोकांना हे ऐकून भरून येतं. मला काय येतं ते विचारू नकोस.

असो. मला सरावासाठी पाचवीचा वर्ग मिळालाय. कृतिसंशोधनाचा विषय ठरला. तुझ्याकडे असेल तसंच इकडेही आहे: आपल्याच शिकवण्यातली एक अडचण धरायची, त्यावर उपाय करून बघायचा आणि त्याने मुलांना बरं वाटलं की नाही हे आपणच तपासायचं. आमच्या मार्गदर्शक सरांना आम्ही 'म्हणजेच सर' म्हणतो, कारण त्यांचं एकही वाक्य त्या शब्दावाचून पुरं होत नाही. ते म्हणाले, "म्हणजेच आरसा स्वतःकडे धरायचा."

माझी अडचण म्हणजे एक मुलगी. यंदाच या शाळेत आली. दिवसभर दप्तर पाठीवरच. बाकावर बसते तीसुद्धा दप्तरासकट, अगदी कडेला, पडेल की काय असं वाटावं इतकी. बोलत नाही. पोरांनी नाव ठेवलंय गोगलगाय. मी ठरवलंय, हिला बोलती करायची. तिला पहिल्या बाकावर आणलं, खडू वाटायचं काम दिलं, हजेरी तिच्या हाती दिली. आणि दाराशी एक खोका ठेवलाय. शाळा सुटताना प्रत्येकाने आज वर्गात कसं वाटलं ते एका वाक्यात लिहून, नाव न घालता, त्यात टाकायचं.

खोक्याची कल्पना माझी आहे. तुझ्याकडेही असंच काही असेल तर ते मला कळवू नकोस.

ताई

---

११ ऑगस्ट

ताई,

नमस्कार घे, आणि घशासाठी गरम पाणी पी. गाळलास तो भाग बाबांना नाही कळला तरी चालेल, तू वाचलास ना, झालं.

माझ्याकडे खोका नाही, घाबरू नकोस. माझी पोरं गणितात चुकायला घाबरतात. पाटीवर हात ठेवून बसतात, पुसता येईल अशा बेताने. म्हणून मी रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करते आणि ती त्यांनी पकडायची. पकडली की अख्खा वर्ग ओरडतो. शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात. एवढंच आहे माझं संशोधन. मुख्याध्यापकांना आरडाओरडा आवडला, हे नवल.

तुझी गोगलगाय डोळ्यासमोर आली. ती दप्तर का काढत नाही हे तिला कुणी विचारलंय का? आणि एक, तिच्याआधी खडू कोण वाटायचं?

खोक्यातल्या चिठ्ठ्यांत काय येतं ते मला लिही. मला खरंच वाचायचंय.

इथं वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी लग्न ठरून निघून गेली. दुसरी कॉट रिकामीच असते. मी तिच्यावर वह्या पसरते.

पिटू

---

२६ ऑगस्ट

पिटू,

तू विचारलंस म्हणून सांगते, प्रयोग फार छान चाललाय. इतका की मलाच दृष्ट लागेल.

आधी खडू कोण वाटायचं? वाटायची एक. तिचं नाव मी तरातरा ठेवलंय, कारण ती चालत नाही, तरातरा जाते. खडू, हजेरी, फळा पुसणं, भांडणं सोडवणं, सगळं हीच करायची. हुशार आहे, तिला काही सांगावं लागत नाही. तिची काळजी नाही.

आणि चिठ्ठ्या! रोज निम्म्या चिठ्ठ्या गोगलगायीबद्दलच असतात. हे बघ, समोर ठेवून लिहिते:

"आज पण तिनेच खडू वाटले."

"बाई तिच्याशी हळू बोलतात."

"ती काहीच बोलली नाही तरी बाई शाब्बास म्हणाल्या."

"मी पण आता दप्तर काढणार नाही."

आणि खरंच, तीन पोरं आता दप्तर पाठीवर घेऊन बसतात! हसू आवरेना. सरांना दाखवलं. ते चिठ्ठ्या पुन्हापुन्हा वाचत होते. म्हणाले, "म्हणजेच वर्गाने तिला आपलंसं केलं."

गेल्या आठवड्यात कळस झाला. मी रोज जवळ बसून, पाठीवर हात फिरवून, शेवटी तिला दप्तर काढायला लावलं. तिने ते खुंटीला अडकवलं, मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. वाजवल्या सगळ्यांनी. ती लाल झाली.

नोव्हेंबरातल्या मेळाव्यात सगळ्या कॉलेजांमधून एकच संशोधन वाचलं जाणार आहे, हे तुलाही कळलं असेलच. सर म्हणाले, माझं नाव ते पुढे करतील. तुझंही कुणीतरी करेलच. बघू.

ताई

---

२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही. तू चिडणार, तरी लिहिते.

त्या चिठ्ठ्या पुन्हा वाच. "आज पण तिनेच." "पण" आणि "च" बघ ना ताई. ही पोरं तिच्यावर खूश नाहीत, जळतायत. ती तीन पोरं दप्तर घेऊन बसली ती तिच्या प्रेमाने नव्हे. तू जवळ येऊन बसावंस म्हणून.

तुला हे दिसलं नाही, कारण लाडकं असणं कसं असतं हे तुला ठाऊक नाही. मला आहे. बाबा मला मशीनशेजारी स्टुलावर बसवायचे, गिऱ्हाइकांना म्हणायचे, "ही माझी धाकटी, हिचं अक्षर बघा." मी अक्षर काढून दाखवायचे आणि दाराकडे बघायचे. दारात तू उभी असायचीस, हातात झाडू. मग मी खेळायला खाली आले की तुम्हा मुलींचा डाव मोडायचा. कुणी काही बोलायचं नाही, घरी काम आहे म्हणून एकेक निघून जायची. तूसुद्धा. मी पायऱ्यांवर बसून राहायचे. बाबांनी कौतुक केलं नसतं तर बरं झालं असतं असं मला किती वेळा वाटलंय. पण ते मी सांगणार कुणाला? ज्यांना सांगायचं तेच कौतुक करत होते.

तिला पहिल्या बाकावरून उठव. खडू काढून घे तिच्याकडून. लवकर.

पिटू

---

८ सप्टेंबर

पिटू,

वर्ग माझा आहे. तू माझा वर्ग पाहिलेला नाहीस. चार चिठ्ठ्यांवरून निदान करायला तू काही वैद्य नाहीस.

आणि पायऱ्यांवर बसून राहण्याचं म्हणतेस तर बसायला वेळ तरी होता तुला. माझ्या हातात झाडू होता हे तूच लिहिलंयस. लाडक्या माणसांना लाड सोसावे लागले म्हणून मी आता रडावं, अशी अपेक्षा असेल तर जमणार नाही.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न तो मेळावा आहे. एकदाच, पिटू, एकदाच माझं काही तुझ्याहून बरं होतंय, तर ते तुला बघवत नाही.

बाबा बरे आहेत. त्यांचा निरोप: जेवत जा.

ताई

---

१४ ऑक्टोबर

पिटू,

तुझं उत्तर आलं नाही. मीही पाठवलं नसतं. तरी लिहितेय, कारण जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

माझं ते पत्र टपालात पडलं त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीनंतर खुंटी रिकामी दिसली. दप्तर गायब. गोगलगाय बाकाखाली, दाराआड, माझ्या टेबलाखाली शोधत होती, आणि वर्ग वह्यांत तोंड घालून बसला होता. शिपायाला ते मागच्या हौदात सापडलं. वर काढलं तेव्हा एक पट्टा तुटून लोंबत होता. मी ते फरशीवर उलटं केलं. पुस्तकं चारच होती. बाकी एक फ्रॉक, कंगवा, दात घासायचा ब्रश, आईची जुनी ओढणी, एक उशीचा अभ्रा. सगळं निथळत होतं. आणि सगळा वर्ग ते बघत होता. ती किंचाळली नाही की रडली नाही. ओल्या कपड्यांवर आडवी झाली, ते झाकायला.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

मी काय केलं असेल? अख्ख्या वर्गाला उभं केलं. म्हटलं, "जोवर नाव कळत नाही तोवर कुणी बसायचं नाही." कुणी नाव सांगितलं नाही. संध्याकाळी खोका उघडला तर सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या. एकूणएक.

मग मी तिच्या घरी गेले. धोबीखान्याच्या मागे एक खोली आहे. तिची आई तिथेच इस्त्रीला असते. मी म्हटलं, "तिला पाठवा, मी स्वतः लक्ष ठेवीन." ती बाई हातातली इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "बाई, रागावू नका. दोनदा आम्हाला घर सोडावं लागलं, दोन्ही वेळा ती शाळेत होती. आली तेव्हा दाराला दुसऱ्याचं कुलूप. म्हणून ती स्वतःचं सगळं बरोबर ठेवते. तुम्ही काढ म्हणालात, तिने काढलं. तुम्ही चांगल्या आहात म्हणते ती. फक्त बाईंना सांग म्हणाली, माझ्याकडे बघू नका."

"म्हणजे?"

"तुम्ही बघता तेव्हा सगळे बघतात, असं म्हणते."

पिटू, तू विचारलं होतंस, दप्तर का काढत नाही हे तिला कुणी विचारलंय का. मी नव्हतं विचारलं. माझ्याकडे उपाय तयार होता ना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तरातरा मागे थांबली. आपण होऊन. फळा आधीच पुसलेला होता, तो पुन्हा पुसायला लागली. मी म्हटलं, "तू टाकलंस?" ती पाठ न वळवता म्हणाली, "हो."

"तिच्यावर एवढा राग?"

"तिच्यावर नाही. तुमच्यावर."

"मी काय केलं तुला?"

"काहीच नाही केलं," ती म्हणाली, आणि मग वळली. "तुम्ही मला आता काही सांगतच नाही. शाब्बास पण नाही. मला सगळं येतं म्हणून."

हेच वाक्य, अगदी असंच, किती वर्षं माझ्या तोंडात आहे आणि मी ते बाबांपुढे एकदाही उच्चारलं नाही. ही एवढीशी पोर माझ्या तोंडावर म्हणून मोकळी झाली. खरं सांगू? तिच्यावर रागवायचं सोडून मला तिचा हेवा वाटला.

मी म्हटलं, "तुला येतं ते मला दिसत होतं. बोलले नाही, हे चुकलं माझं. पण दप्तर तिचं होतं, माझं नव्हतं. माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा."

"तुमचं दप्तर तुम्ही कपाटात ठेवता," ती म्हणाली. "कुलूप लावून."

मी हसले, मग तीही हसली, आणि मग ती रडायला लागली ती थांबेचना.

दप्तर मी घरी आणलं होतं. तिला म्हटलं, उद्या दुकानात ये. दुसऱ्या दिवशी तरातराची आई तिला दुकानात पोचवून गेली. बाबांनी तुटका पट्टा चाचपून पाहिला, जाड दोरा मागितला. सुईत दोरा तरातराने ओवला, दर वेळी, न सांगता. पट्ट्याला दुहेरी टीप पडली. जाताना बाबा म्हणाले, "हुशार आहे हो पोर!" पिटू, पाच वर्षं मी त्यांच्या सुईत दोरा ओवतेय.

सुकलेले कपडे घडी करून दप्तरात भरले आणि ते ती गोगलगायीच्या घरी घेऊन गेली. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. दारात दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. फार वेळ नाही झालं. परत आली ती तरातरा नाही, सावकाश चालत.

गोगलगाय पुढच्या सोमवारी आली. दप्तर पाठीवर. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, तिने स्वतः जागा निवडली. मी तिच्याकडे बघितलं नाही. हे किती अवघड आहे तुला सांगू! खडू आता रांगेने आळीपाळीने वाटतात. आणि मी रोज घरी जाण्याआधी आठवून बघते, आज कुणाकुणाशी मी एकही शब्द बोलले नाही. दर वेळी तीच निघतात, ज्यांना सगळं येतं.

तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला महिना लागला.

ताई

---

२७ ऑक्टोबर

ताई,

पत्र वाचलं आणि तशीच कॉटवर बसून राहिले. मी उत्तर दिलं नव्हतं कारण तुझं ते "बघवत नाही" मला लागलं होतं. लागलं, कारण थोडं खरं होतं.

आधी बातमी सांगते, नाहीतर तुला दुसरीकडून कळेल. मेळाव्यासाठी माझं संशोधन निवडलं. कालच कळलं. मोठमोठे तक्ते आहेत त्यात, मुलांची भीती कमी झाल्याचे. सगळे खरे आहेत. मी त्यात काही घुसडलेलं नाही.

पण काल माझा सरावाच्या शाळेतला शेवटचा दिवस होता. मी प्रत्येकाला एकेक रंगीत पेन्सिल दिली. त्यांनी एका सुरात "धन्यवाद बाई" म्हटलं, घंटा झाली आणि सगळी धावत सुटली. एकही मागे वळलं नाही. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, "छान, रडारड नाही काही." मी दप्तरं गेलेल्या रिकाम्या बाकांवरून हात फिरवत राहिले. माझ्या चुका पकडायला त्यांना आवडायचं. पण माझ्यावर कुणी रागावलं नाही कधी. तोंडावर "तुमच्यावर राग आहे" असं म्हणावं, एवढी मी कुणाची कुणी झाले नाही.

तुझी तरातरा मला हवी होती, ताई. मला तिचा हेवा वाटतो, तुझा वाटतो, आणि तू लिहिलंस त्या दुपारचा वाटतो, जेव्हा तुम्ही तिघं मिळून पट्टा शिवत होता. मी इथं तक्ते आखत होते.

आणि बाबांचं. मी घरी येते तेव्हा तू कॉलेजात असतेस. तुला वाटतं आम्ही दोघं माझं कौतुक करत बसतो. ते मला एकच गोष्ट सांगतात: थोरलीने काल काय शिवलं, थोरली किती वाजता उठते, थोरलीला विचारल्याशिवाय मला दोऱ्याचा रंग कळत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "तिला सांगा ना हे." तर म्हणाले, "तिला काय सांगायचं, तिला ठाऊक आहे." तुला ठाऊक नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते तू ओळखशील.

मेळावा पुढच्या महिन्यात वीस तारखेला. ये. नाही आलीस तरी मी समजेन, पण ये.

पिटू

---

५ नोव्हेंबर

पिटू,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग दुकानात जाऊन बाबांना सरळ विचारलं, "मी बरी शिवते का?" ते मशीन थांबवून म्हणाले, "हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं, "उत्तर द्या." थोडा वेळ कापड चाचपत बसले. मग म्हणाले, "माझ्याहून बरी शिवतेस. केव्हापासूनच." आणि लगेच मशीन सुरू केलं, इतक्या जोरात की धागा तुटला.

सरांनी माझं संशोधन परत केलं. म्हणाले, "म्हणजेच प्रयोग फसला." मी म्हटलं, "हो सर, कसा फसला तेच लिहिलंय." त्यांनी शेवटचं पान बराच वेळ धरून ठेवलं, पण गुण बेताचेच दिले. मला वाईट वाटलं. वाटणारच. तुझं निवडलं हे वाचलं तेव्हा तर हातातला पेला मी आपटून खाली ठेवला. हे तुझ्यापासून लपवत नाही, आता आपल्यात तेवढं झालंय.

मेळाव्याला येतेय. बाबांनाही आणतेय, तुझा आवाज ऐकायचाय त्यांना. येताना त्यांचा हात धरायचा असतो, तेव्हा मागे कुठे तरी कोपऱ्यात लपून बसायला जमणार नाही. आमच्यासाठी जागा धरून ठेव, पहिल्या रांगेत. तू वाचशील, लोक टाळ्या वाजवतील आणि मी जळेन. पण समोर बसून जळेन, आणि टाळ्या सगळ्यांत मोठ्या माझ्या असतील.

ताई